पगार थकला तर कामगार कार्यालय काय ठरवू शकतं, काय नाही?

कांदिवलीत चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, आकुर्ली रोडच्या बाजूला गावाकडची पोरं कामाला असतात, पुष्कळ जण ठेकेदारामार्फत. पगार बुडाला की "कामगार आयुक्ताकडे जा" असं सगळेच सांगतात. उपनगरासाठी हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. पण पगाराची प्रत्येक तक्रार तिथे एकाच अर्जावर निकाली निघत नाही.

ठरलेला पगार वेगळा आणि मिळायला हवा होता तो पगार वेगळा. ठरलेला दिला नाही, उशिरा दिला, बेकायदा कापला, ओव्हरटाइम बुडवला किंवा सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी दिला, तर दावे ऐकणारा प्राधिकारी वसुलीचा आदेश काढू शकतो. पण "मला कायम करायला हवं होतं, त्या हिशोबाने फरक द्या" म्हटलं की गाडी अडते.

हे ठरलं मुंबईतल्याच एका प्रकरणात. रेल्वेत 1941 पासून रोजंदारीवर असलेल्या एका सुताराने मासिक पगाराच्या कामगारांइतका पगार मागत वेतन प्राधिकाऱ्याकडे दावा केला. उच्च न्यायालयाने प्राधिकाऱ्याला अडवलं नाही. पण 1955 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने (डिकोस्टा विरुद्ध पटेल) सांगितलं की, करारानुसार किती पगार देणं होतं एवढंच प्राधिकाऱ्याने बघायचं; माणूस वरच्या वर्गात बसायला हवा होता का, हे त्याने ठरवायचं नाही. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं होतं. दहा वर्षं करवत चालवणाऱ्याला हा फरक पटणं कठीणच, पण कायदा तिथेच थांबला. पुढे दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगारांनी समान पगाराच्या फरकासाठी कामगार न्यायालयात थेट वसुलीचा अर्ज केला, तेव्हाही तेच झालं: आधी हक्क सिद्ध करा, मग वसुली.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू झाली आहे. तिच्यात दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या वेतन कायद्यात बारा महिनेच होती. थकबाकीशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पगार दिला, हे मालकाने सिद्ध करायचं. ठेकेदाराने दिला नाही तर ज्या कंपनीत काम केलं तीही जबाबदार. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब द्यायचा. प्राधिकाऱ्याच्या आदेशावर 90 दिवसांत अपील करता येतं.

मात्र तपासणीला येणारा निरीक्षक म्हणजे हा प्राधिकारी नव्हे. निरीक्षक रजिस्टर बघतो, कामगाराच्या वतीने दावाही दाखल करू शकतो, पण त्याचा निकाल देत नाही.

कायम करणं, वरची श्रेणी, समान पगार या मागण्या औद्योगिक विवाद म्हणून समेट अधिकाऱ्यापुढे न्यायच्या. तो दोघांना बसवून बोलणी करतो, निकाल देऊ शकत नाही. जमलं नाही तर पुढे न्यायाधिकरण. इथे युनियन पाठीशी असलेली बरी, एकट्याने रेटणं अवघड जातं.

दोन्ही मागण्या एकाच अर्जात घुसडू नका. सरळ थकबाकीचा दावा वेगळा ठेवला तर तो हक्काच्या वादात अडकत नाही. सोबत गेटपास, पगारपावती, बँकेच्या नोंदी आणि मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज जोडा. हजेरीच्या वहीचा फोटो काम चालू असतानाच काढून ठेवा, नंतर वही हाताला लागत नाही.