सपोर्ट संपलेल्या संगणकावर नवी प्रणाली : शक्य काय, धोक्याचे काय

गुरुग्राम : मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि त्यानंतर चालू स्थितीतील असंख्य संगणकांच्या मालकांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. संगणक नीट चालतो, पण ‘विंडोज ११’ त्याला स्वीकारत नाही. मग तो टाकून द्यावा, की नवी प्रणाली त्यावर आडवाटेने बसवावी? अशी प्रणाली बसवता येते. मात्र ती बसवल्यानंतर संगणकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा निर्णयाचा खरा निकष आहे.

गुरुग्रामला हा विषय जवळचा आहे. मायक्रोसॉफ्टचे भारतातील एक प्रमुख कार्यालय येथे आहे आणि दर काही वर्षांनी कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप बदलणाऱ्या अनेक कंपन्याही याच शहरात आहेत. अशी वापरलेली यंत्रे दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारांतून दुसऱ्या मालकाकडे जातात. तो मालक बहुधा विद्यार्थी, छोटा दुकानदार, दवाखाना किंवा शिकवणी वर्ग असतो आणि नवा संगणक घेणे त्याला सहज परवडणारे नसते.

सपोर्ट संपणे म्हणजे काय?

सपोर्ट संपल्यावर संगणक बंद पडत नाही. फाइली उघडतात, इंटरनेट चालते, छपाई होते. थांबतात त्या सुरक्षा दुरुस्त्या. कोणत्याही प्रणालीत नवनव्या त्रुटी सापडत राहतात आणि कंपनी दरमहा अपडेट पाठवून त्या बुजवते. हे अपडेट थांबले की त्यानंतर सापडणारी प्रत्येक त्रुटी कायमची उघडी राहते.

याचा धडा मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने दिला. या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतील संगणक जायबंदी केले. त्यातील बहुसंख्य यंत्रे ‘विंडोज ७’ वर चालणारी होती आणि त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ती लावली गेली नव्हती. ‘विंडोज एक्सपी’चा सपोर्ट मात्र ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टला हल्ल्यानंतर अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. भारतात रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून सर्व एटीएम जून २०१९ पर्यंत सपोर्ट असलेल्या प्रणालीवर टप्प्याटप्प्याने आणण्याचे आदेश बँकांना दिले, त्यामागेही हीच चिंता होती.

नव्या प्रणालीच्या अटी

‘विंडोज ११’ ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, ६४ बिटचा प्रोसेसर, ‘सिक्युअर बूट’ची क्षमता असलेले यूईएफआय फर्मवेअर आणि टीपीएम २.० लागते. टीपीएम ही एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप किंवा प्रोसेसरमधील तशी सोय. ‘सिक्युअर बूट’ संगणक सुरू होतानाच अनधिकृत प्रोग्रामला अटकाव करते. याखेरीज प्रोसेसर मान्य यादीत असावा लागतो. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका येथून ही यादी सुरू होते. मोजके अपवाद वगळता २०१७ पूर्वीचे प्रोसेसर तिच्याबाहेर राहतात. म्हणूनच ८ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला २०१६ चा चांगला लॅपटॉपही केवळ प्रोसेसरमुळे नापास ठरतो.

आडवाटेआधी तपासणी

‘आपला संगणक अपात्र आहे’ हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन नेमकी कोणती अट अपूर्ण आहे ते दाखवते. अनेक संगणकांत टीपीएम असते, पण फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने आढळते. ते चालू केल्यावर काही संगणक अधिकृतपणे पात्र ठरतात आणि पुढचा खटाटोप वाचतो.

डिस्कची मांडणी जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीची असेल तर ‘सिक्युअर बूट’ वापरण्याआधी ती ‘जीपीटी’ करावी लागते. त्यासाठीचे साधन ‘विंडोज १०’ मध्येच आहे. फर्मवेअरमध्ये कोणताही बदल करण्यापूर्वी दोन गोष्टी अनिवार्य समजाव्यात : सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणे आणि ‘बिटलॉकर’ चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवणे. ही की हाती नसताना बदल केल्यास स्वतःच्याच फाइलींना मुकण्याची वेळ येऊ शकते.

अपात्र संगणकावर ‘विंडोज ११’

यासाठी दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून प्रोसेसरची आणि टीपीएमच्या आवृत्तीची तपासणी शिथिल करणे. ही पद्धत २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केली होती. नंतर कंपनीने तो मजकूर काढून टाकला. या मार्गालाही किमान टीपीएम १.२ आवश्यक असते. दुसरा मार्ग ‘रुफस’ या मोफत साधनाचा. मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेली मूळ फाइल पेन ड्राइव्हवर चढवताना हे साधन टीपीएम, ‘सिक्युअर बूट’ आणि मेमरी यांच्या तपासण्या वगळण्याचा पर्याय देते. त्याच यंत्रावर ‘विंडोज १०’ चा वैध परवाना असेल तर सहसा तोच ‘विंडोज ११’ लाही लागू होतो. मात्र कोणीतरी बदल करून वाटलेली ‘तयार’ विंडोज घेणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखे आहे.

या मार्गांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. अशा यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही आणि सुसंगततेच्या अभावी झालेले नुकसान वॉरंटीत बसणार नाही, असा मायक्रोसॉफ्टचा इशारा आहे. प्रत्यक्षात मासिक सुरक्षा अपडेट अशा संगणकांवर येत राहिल्याचा अनुभव आहे, पण ती हमी नव्हे. शिवाय ‘विंडोज ११’ च्या होम आणि प्रो प्रकारांतील प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिनेच सपोर्ट असतो आणि पुढची आवृत्ती अपात्र यंत्रावर आपोआप येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. तो न केल्यास नव्या नावाची प्रणालीही जुनीच होऊन बसते.

काही ठिकाणी आडवाटही संपते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला काही विशिष्ट सूचनासंच समजणे आवश्यक झाले. ‘कोअर २ ड्युओ’ काळातील संगणकांत ते नसल्याने तेथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. त्यावर कोणताही उपाय चालत नाही.

मुदतवाढीचा पर्याय

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विस्तारित सुरक्षा अपडेटची योजना आणली असून तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी संगणकावर ‘विंडोज १०’ ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंगचा बॅकअप चालू केल्यास ही सेवा मोफत मिळते. अन्यथा १,००० रिवॉर्ड्स गुण किंवा एकदाच ३० डॉलर अथवा तेवढी स्थानिक रक्कम द्यावी लागते. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रति संगणक ६१ डॉलर आहे. तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते. अपात्र संगणक असलेल्या कुटुंबासाठी ही मुदत म्हणजे पुढचा निर्णय शांतपणे घेण्याची सवड आहे.

विंडोजबाहेरच्या वाटा

जुन्या यंत्रावर नवी प्रणाली म्हणजे नवी विंडोजच असे नाही. लिनक्स मिंट, उबंटू यांसारख्या मोफत प्रणालींना टीपीएमची अट नाही. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत आणि तिची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती ४ जीबी मेमरीवर समाधानकारक चालते. पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून, डिस्कला हात न लावता, वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर चालतात का हे आधी पाहता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध केली आहे. केरळमधील सरकारी शाळांत तर लिनक्सवर आधारित प्रणालीच अनेक वर्षे वापरात आहे.

ज्यांचे काम ब्राउझरपुरते मर्यादित आहे त्यांच्यासाठी गुगलची ‘क्रोमओएस फ्लेक्स’ हा आणखी एक पर्याय आहे. ती २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. गुगलने प्रमाणित यंत्रांची यादी प्रसिद्ध केली असून कोणत्या यंत्राचा सपोर्ट कधी संपणार हेही तीत नमूद असते. अॅपलच्या जुन्या मॅकवर नवी प्रणाली चढवण्यासाठी ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ हे साधन वापरले जाते; परंतु ‘मॅकओएस टाहो’ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे अॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केल्याने त्या वाटेचा शेवटही दिसू लागला आहे.

मराठी कामकाजासाठी दक्षता

युनिकोड मराठीला कोणत्याही नव्या प्रणालीत अडचण येत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आहे. विंडोजमध्ये ध्वन्यात्मक मराठी कळफलकही मिळतो. प्रश्न येतो तो छापखाने, साप्ताहिके आणि कार्यालयांतील युनिकोडपूर्व फॉन्टच्या मजकुराचा. हे फॉन्ट, जुनी पानमांडणीची सॉफ्टवेअर आणि त्यांचे हार्डवेअर लॉक हे एका विशिष्ट विंडोजशी बांधलेले असू शकतात. ‘विंडोज ११’ केवळ ६४ बिटची असल्याने ३२ बिटचे ड्रायव्हर आणि १६ बिटचे जुने प्रोग्राम तीत चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारी उपकरणे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांचीही खातरजमा आधी करावी. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे हा दीर्घकालीन उपाय. तोवर असा एखादा संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ त्याच कामासाठी ठेवता येतो.

निवड कशी करावी?

निर्णय संगणकाच्या वयापेक्षा त्यावर होणाऱ्या कामावर अवलंबून ठेवणे योग्य. रुग्णांच्या नोंदी, ठेवीदारांची खाती, कर विवरणपत्रे किंवा बँक व्यवहार ज्या यंत्रावर होतात तेथे हमी असलेला सपोर्टच हवा. म्हणजे मुदतवाढ, लिनक्स किंवा नवा संगणक. अभ्यास, लेखन, चित्रपट आणि सरावासाठी लिनक्स अथवा ‘फ्लेक्स’ पुरेशी आहे. अपात्र यंत्रावरील ‘विंडोज ११’ त्यानेच वापरावी, ज्याला दर आवृत्तीला हाताने अपडेट करणे जमते आणि ज्याच्या फाइलींची प्रत अन्यत्र सुरक्षित आहे. खर्च करायचाच असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा जुन्या यंत्राचा वेग वाढवणारा सर्वांत परिणामकारक बदल ठरतो.

याला पर्यावरणाचीही बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. दिल्लीतील सीलमपूर भागात जुने संगणक हाताने फोडून धातू वेगळे करणारे मजूर या आकड्याची दुसरी बाजू दाखवतात. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत नूतनीकरण करणाऱ्यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणले आहे. यंत्र खरोखरच निकामी झाले असेल तर ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे. देण्यापूर्वी डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसावी. आणि ते चालत असेल, तर प्रणाली बदलून त्याला आणखी काही वर्षे कामाला लावण्याचा पर्याय त्याआधी तपासून पाहावा.