दारी आलेली समिती

1897 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. चौकशी होती हिंदुस्थानच्या खर्चाची, बैठका मात्र इंग्लंडात. त्याआधी 1873 मध्ये दादाभाई नौरोजींची साक्षही पार्लमेंटच्या समितीपुढे तिथेच झाली. दोघे बोलले ते रयतेच्या बाजूने. पण सारा भरणारी रयत स्वतः त्या खोलीपर्यंत पोचणे शक्यच नव्हते.

चौकशी करणाऱ्यांनीच लोकांकडे यायचे, या प्रथेचे पुण्यातले मोठे उदाहरण 1882 चे. व्हाइसरॉय रिपन यांनी नेमलेला विल्यम हंटर यांचा शिक्षण आयोग प्रांतोप्रांती साक्षी घेत फिरला. आयोग सरकारने नेमलेला, संसदेचा नव्हे. तरी दारी येणाऱ्या समितीचे कुळ इथूनच सांगावे असे मला वाटते, कारण त्याच्यापुढे कोण बोलले ते पाहा. त्याच वर्षी पुण्यात राहायला आलेल्या चोवीस वर्षांच्या पंडिता रमाबाई बोलल्या, आणि मराठीत बोलल्या. मुलींना शिकवायला स्त्रिया हव्यात, शाळा तपासायला स्त्रिया हव्यात, स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळाले पाहिजे. हंटरसाहेबांनी या साक्षीचे इंग्रजी भाषांतर करवून ती स्वतंत्र छापली. जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 च्या निवेदनात बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, असे मागितले. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. आयोगाने सगळे ऐकले असे नाही. पण जे सांगितले ते कागदावर राहिले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

पुण्यातल्या कर्वेनगरचा धागाही इथेच जुळतो. रमाबाईंनी 1889 मध्ये शारदा सदन काढले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले ते 1891 मध्ये, गोखल्यांच्याच बोलावण्यावरून. कर्व्यांचा आश्रम 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला, 1916 मध्ये तिथेच महिला विद्यापीठ उभे राहिले. त्या हिंगण्याच्या परिसराला आज त्यांचे नाव आहे.

चौकशी करणाऱ्यांनी लोकांकडे जाण्याची ही प्रथा स्वतंत्र भारतात वाढायला हवी होती. लोकसभेच्या कामकाजाचे नियम 266 आणि 267 मात्र वेगळे सांगतात: समितीची बैठक खासगी, आणि ती संसद भवनाच्या आवारातच, बाहेर घ्यायची तर प्रश्न अध्यक्षांकडे. 1993 पासून विभागवार स्थायी समित्या आल्या, त्या अभ्यासदौरेही करतात. आपल्या विधिमंडळाची पंचायती राज समिती, जिल्हा परिषदेच्या भाषेत पीआरसी, जिल्ह्यात आली की कार्यालये हलतात, फाइली निघतात. प्रश्न मुख्यतः अधिकाऱ्यांना विचारले जातात. हे आवश्यकच आहे, पण शाळेच्या गळक्या छपराखाली बसणाऱ्या मुलीच्या आईला तिथे खुर्ची नसते. उलट दक्षिण आफ्रिकेत 2006 मध्ये घटना न्यायालयाने आरोग्यविषयक कायदे या कारणावरून घटनाबाह्य ठरवले, की ते करताना संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने लोकांना पुरेसे सहभागी करून घेतले नव्हते.

आपल्याकडे गल्लीजवळ पोचणारी समिती महापालिकेची. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. त्यांत नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. पुण्याने 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना क्षेत्रीय कार्यालयांतून मागवायला सुरुवात केली. मग मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर प्रभाग समित्याही थांबल्या. ही वर्षे शहराला महाग पडली, असे माझे ठाम मत आहे.

वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत प्रभाग समितीची बैठक संध्याकाळी, कामावरून परतलेल्यांना येता येईल अशा वेळी, एखाद्या शाळेच्या सभागृहात भरावी. धुणीभांडी करणारी बाई पाण्याबद्दल बोलेल, रिक्षावाला रस्त्याबद्दल. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात यावे, आणि पुढच्या बैठकीत त्याचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले जावे.