तरुणांच्या हातीं दिलेलें काम

तरुण मंडळी संस्थेकडे फिरकत नाहींत, ही तक्रार आपल्याकडील वाचनालयांपासून धर्मसभांपर्यंत सर्वत्र ऐकूं येते. परंतु ती आपल्याच देशाची, किंवा एखाद्याच धर्माची, आहे असें मात्र नाहीं. एका अमेरिकन धर्मोपदेशकानें या तक्रारीला उपदेशानें नव्हे, तर कृतीनें उत्तर दिलें. त्या उत्तराची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडांत ग्लॉस्टर येथें १७८० सालीं रॉबर्ट रेक्स यानें गरीब मुलांसाठीं रविवारची शाळा काढली. पुढें ही पद्धति अमेरिकेंतही रुजली. लहानांना अशी शाळा मिळाली. वडील माणसांना उपासना व प्रार्थनासभा होत्याच. अडचण झाली ती मधल्या वयाच्या मुलामुलींची. शाळेच्या बांकावर बसण्यास तीं मोठीं, आणि वडिलांच्या सभेंत तोंड उघडण्यास लहान! लंडनमध्यें १८४४ सालीं जॉर्ज विल्यम्स यानें स्थापिलेली वाय. एम. सी. ए. नोकरीनिमित्त शहरांत आलेल्या तरुणांच्या उपयोगी पडली; परंतु ती चर्चबाहेरची संस्था होती. चर्चच्या आंत या मुलांना जागा कोणती, हा प्रश्न उरलाच.

तो मेन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं, विलिस्टन चर्चचे धर्मोपदेशक फ्रान्सिस क्लार्क यांच्यापुढें उभा राहिला. १८८१ च्या हिवाळ्यांत बरींच तरुण मुलेंमुली भक्तीच्या उत्साहानें पुढें आलीं होतीं. हा उत्साह चार महिन्यांत विरून जाईल, ही क्लार्क यांची भीति होती. त्यांचें स्वतःचें वय त्या वेळीं अवघें एकोणतीस होतें. २ फेब्रुवारीच्या सायंकाळीं त्यांनीं या मुलांना आपल्या घरीं बोलाविलें आणि ख्रिश्चन एन्डेव्हर, म्हणजे ख्रिस्ती प्रयत्न, या नांवाच्या संघाची घटना त्यांच्यापुढें ठेविली.

या घटनेंत करमणुकीचें आमिष फारसें नव्हतें. होती ती एक कडक प्रतिज्ञा. प्रत्येक सभासदानें दर आठवड्याच्या प्रार्थनासभेस आलेंच पाहिजे, आणि नुसतें येऊन भागणार नाहीं, तर तींत कांहीं भागही घेतला पाहिजे. मग तें एखादें शास्त्रवचन असो वा मनांतलें एखादें वाक्य असो. महिन्यांतून एकदां हजेरीपट वाचला जाई आणि नांव येतांच ज्यानें त्यानें उत्तर द्यावयाचें. शिवाय कामाच्या समित्या होत्या. नवे सभासद आणणें व न येणाऱ्यांची आपुलकीनें चौकशी करणें हें एकीकडे, प्रार्थनासभेची तयारी दुसरीकडे, आणि परस्परांतील स्नेह वाढविणें तिसरीकडे. मुली व मुलगे यांची प्रतिज्ञा एकच होती. स्त्रियांनीं सभेंत बोलणें अनेक चर्चांना रुचत नव्हतें, अशा काळची ही गोष्ट आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

या अटींनीं मुलें पळून जावयास हवीं होतीं, झालें उलट. त्याच वर्षीं क्लार्क यांनीं या प्रयोगाविषयीं लेख लिहिला, आणि इतर गांवांत असे संघ निघूं लागले. १८८७ सालीं केवळ याच कार्यासाठीं त्यांनीं आपली धर्मोपदेशकाची जागा सोडली. १८९५ च्या बोस्टन येथील अधिवेशनास पन्नास हजारांवर लोक जमले. मेथॉडिस्टांनीं १८८९ मध्यें व बॅप्टिस्टांनीं १८९१ मध्यें आपापले स्वतंत्र तरुणसंघ उभारले. १९०९ सालीं तर या चळवळीचें जागतिक अधिवेशन आपल्या आग्रा शहरीं भरलें.

तथापि या यशांतच दोष लपलेला होता. ज्याला रोज बोलावेंच लागतें, त्याचें बोलणें पाठांतर होण्यास वेळ लागत नाहीं. त्याहून मोठा दोष असा कीं, आरंभींचे तरुण प्रौढ झाले, तरी पुष्कळ ठिकाणीं त्यांना संघांतील अधिकार सोडवेना. मोठ्यांच्या सभेंत आपल्याला वाव नाहीं म्हणून जे एकत्र आले, त्यांच्याच सभेंत पुढच्या पिढीला वाव राहिला नाहीं! पुढें १९४१ मध्यें टेक्सासांत जिम रेबर्न यांनीं ‘यंग लाइफ’ची स्थापना केली. चर्चकडे न येणाऱ्या मुलांकडे आपण होऊन जावें, गाणीं व विनोद यांनीं त्यांचीं मनें मोकळीं करावीं आणि मग त्यांच्याच भाषेंत धर्माची गोष्ट सांगावी, अशी ही रीत होती. दाराबाहेरच्या मुलांना आंत आणण्यास ती उपयोगी पडली, हें नाकारतां येत नाहीं. परंतु अशा सभेंत मुलगा श्रोता असतो. क्लार्क यांच्या सभेंत तो कार्यकर्ता होता.

आमच्या मतें क्लार्क यांचें मर्म प्रतिज्ञेंत नव्हतें, विश्वासांत होतें. पंधरा वर्षांच्या मुलीला सभा चालवितां येईल, असें त्यांनीं गृहीत धरलें, आणि ती चालवूं लागली. आपल्या संस्थांचे चालकही तरुणांना बोलावितात. पण बहुधा सतरंज्या घालण्यास आणि टाळ्या वाजविण्यास. जी खुर्ची आपण कधींच रिकामी करणार नाहीं, तिच्याविषयीं तरुणांना आस्था नाहीं म्हणून आपण त्यांना दोष तरी कोणत्या तोंडानें द्यावा?