स्पूलवर उरलेले आवाज

गाडगेबाबा हे लिहिणारे संत नव्हते. त्यांचं जे होतं ते सगळं बोलण्यात होतं. समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा, उत्तर त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं आणि त्या उत्तरावर कीर्तन पुढे न्यायचं, ही त्यांची रीत. ऐकणाऱ्यांनी आठवणी लिहिल्या, चरित्रं झाली. पण त्या वऱ्हाडी बोलीचा ठसका, मध्येच घेतलेला श्वास, हजारो लोकांचा एकदम येणारा होकार हे कागदावर कुठून येणार? नोव्हेंबर १९५६मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे बाबांचं कीर्तन झालं आणि त्याचं ध्वनिमुद्रण झालं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ बाबा गेले. आज त्यांचा आवाज आपल्या कानावर पडतो तो त्या ध्वनिमुद्रणामुळे.

आता याच्या आधीची दोन उदाहरणं पाहा. १९३२मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहे. दुसरं उदाहरण खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी लिहून घेतली. १९५१मध्ये त्या गेल्या आणि १९५२मध्ये पुस्तक निघालं. शब्द वाचले, पण चाल आणि गळा त्यांच्याबरोबर गेला. लिहून घेणारा भेटला तर शब्द राहतात. आवाज राहायला मात्र यंत्र लागतं.

ते यंत्र म्हणजे स्पूलचा टेपरेकॉर्डर. दोन मोठ्या चकत्या, त्यांच्यामध्ये धावणारी पाव इंच रुंदीची तपकिरी फीत. आजच्या मुलांनी तो फक्त जुन्या चित्रपटात पाहिलेला असतो. माझ्या घरी तो अजून चालतो. तो कुठून आला, कसा चालवायचा आणि मुख्य म्हणजे आज कशासाठी चालवायचा, हे सांगायचं आहे.

सुरुवात झाली ती तारेपासून. १८९८मध्ये डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन यांनी पोलादी तारेवर चुंबकाच्या मदतीने आवाज साठवून दाखवला. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ त्या यंत्रापुढे चार शब्द बोलला. ते शब्द अजूनही ऐकता येतात. पण तार जड आणि गुंता होणारी. १९२८मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी वेगळी युक्ती काढली. सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टा चढवायचं काम त्यांनी केलेलं होतं. त्याच धर्तीवर त्यांनी कागदाच्या पट्टीवर लोखंडी पूड चिकटवली आणि तिच्यावर आवाज उमटवला. पुढे १९३५मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांपुढे आलं. पुढची सुधारणा १९४०ची. आवाजाबरोबर कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनांचा प्रवाह फितीवर सोडला, की खरखर एकदम कमी होते, हे जर्मन नभोवाणीच्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलं.

युद्ध संपलं तेव्हा जॅक मलिन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याला जर्मनीत ही यंत्रं दिसली. त्याने दोन यंत्रं आणि पन्नास फिती सुट्या करून टपालाने घरी पाठवल्या. १९४६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने त्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. समोर वाजतंय ते यंत्र की पडद्याआडची माणसं, हे ऐकणाऱ्यांना ओळखता येईना. १९४७मध्ये बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकाने आपला रेडिओ कार्यक्रम फितीवर घ्यायला सुरुवात केली आणि १९४८मध्ये ॲम्पेक्स कंपनीचं यंत्र बाजारात आलं. योगायोग असा, की त्याच १९४८मध्ये आमच्या विदर्भाचं नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झालं.

आपल्या गाण्याला या फितीने काय दिलं? वेळ दिला. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवताना गायकाला तो चेपावा लागे. सात इंची स्पूलवर १२०० फूट फीत बसते. सेकंदाला १९ सेंटिमीटर या गतीने ती ३२ मिनिटं चालते आणि निम्म्या गतीने तासभरापेक्षा थोडी जास्त. निम्म्या गतीत आवाजाची वरची चमक थोडी जाते, पण वेळ दुप्पट मिळतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रसिकांनी घरगुती बैठका स्पूलवर धरून ठेवल्या. रेडिओ केंद्रांत मात्र फीत महाग, म्हणून पुष्कळदा तीच पुसून पुन्हा वापरायची, असा जगभरचा रिवाज होता. म्हणूनच केंद्रात पुसलं गेलेलं एखादं गाणं कुणाच्या तरी घरच्या माळ्यावर सापडतं. असे खासगी संग्रह सांभाळण्यासाठी १९८२मध्ये पुण्यात लोकसंगीत-संशोधनाचं एक अभिलेखागार, ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’, सुरू झालं. आता ते दिल्लीजवळ गुरुग्रामला आहे.

हे झालं शहराचं. सेलू तालुक्यातलं आमचं हिंगणी म्हणजे बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. इथे बैठका नव्हत्या. इथे होती तुकडोजी महाराजांच्या भजनांची खंजिरी, उरुसातली कव्वाली आणि पहाटेची जाती. माझे चाचा कुवेतला नोकरीला होते. १९७८मध्ये ते सुटीवर आले ते एक जपानी स्पूल टेप घेऊन. गावात ती पहिलीच. चाचांनी उरुसातली कव्वाली भरली, भजनी मंडळ भरलं. आणि एका पहाटे दादी जात्यावर बसली होती, तिच्या ओव्या भरल्या.

मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर काहींना अजून आश्चर्य वाटतं. घरात उर्दू-हिंदी बोलणाऱ्या माणसाला ही मराठी कुठून आली, असं विचारतात. ती जात्यावरून आली. माझी दादी निरक्षर. घरात बोलायची ती मुसलमानी बोली. पण जात्याचा खुंटा हातात आला, की शेजारणींबरोबर वऱ्हाडीत ओव्या गायची. त्यात पंढरीचा विठोबा यायचा, दर्ग्यातला पीर यायचा, माहेरचा भाऊ तर हमखास. गावोगावच्या बायकांच्या अशा ओव्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून एक लाखाच्या वर जमवल्या. फार मोठं काम. आमच्या घरातल्या मात्र दोन स्पूलांवर आहेत, १९७९ सालच्या. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि दोन ओव्यांच्या मध्ये दादीचा प्रश्न : “ये चल रहा क्या रे?”

आता हे यंत्र चालवायचं कसं ते सांगतो. डावीकडे भरलेलं स्पूल, उजवीकडे रिकामं. फितीची मंद, तपकिरी बाजू हेडकडे ठेवायची. ती बाजू म्हणजे गंजाच्या जातीची लोखंडाची पूड आहे आणि सगळा आवाज तिच्यात आहे. फीत तीन हेडांसमोरून जाते. पहिलं पुसणारं, दुसरं भरणारं, तिसरं ऐकवणारं. पुढे पोलादी दांडी आणि रबरी चाक तिला चिमटीत धरून एका गतीने ओढतात. कॅसेटला पुसलं जाऊ नये म्हणून मागे मोडायची खिट्टी असे. स्पूलला तशी सोय नाही. म्हणून वाजवण्याआधी रेकॉर्डचं बटण दोनदा पाहायचं. एका बोटाच्या चुकीने सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज जाऊ शकतो.

प्रत्येक फितीआधी हेड साफ करायचे, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल लावायचं नाही, रबर कोरडं पडतं. ओलसर फडकं पुरे. आठ-दहा तास वाजवून झाल्यावर हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढून टाकायचं. त्या वेळी यंत्र बंद आणि सगळ्या फिती दुसऱ्या खोलीत. आतले रबरी पट्टे जुने झाले की वितळून डांबरासारखे होतात. ते खरवडून नवे घालावे लागतात.

विजेचं पण एक गणित आहे. साध्या मोटरची गती विजेच्या दाबावर ठरत नाही, कंपनांवर ठरते. आपल्याकडे सेकंदाला ५० कंपनं, अमेरिकेत ६०. तिथून आणलेलं यंत्र, त्याचा दाब इथल्या विजेला जुळवून घेतला तरी, इथे सहाव्या हिश्शाने सावकाश चालतं आणि बाईचा गळा पुरुषी वाटू लागतो. चाचांचं यंत्र ५० कंपनांचं, म्हणून ते इथे बरोबर चालतं. आमच्याकडे भारनियमनाची वर्षं होती तेव्हा शिस्त एकच : वीज गेली, की आधी दांडा ‘बंद’वर आणायचा. नाहीतर रबरी चाक तसंच दाबलेलं राहतं, त्याला खड्डा पडतो आणि मग गाणं डुगडुगतं.

फीत ऐकून झाली की लगेच उलटी गुंडाळायची नाही. शेवट बाहेर राहील अशी ठेवायची. वेटोळ्यात एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं आणि आवाजाच्या आधीच त्याचा बारीक पडसाद ऐकू येतो. शेवट बाहेर ठेवला, की तो पडसाद आवाजामागे जातो आणि त्याच्यात झाकला जातो.

१९६३मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या खेड्यापाड्यांत पोचली आणि स्पूल माळ्यावर गेले. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. या काळात फितींचं काय झालं? काही जुन्या फिती ॲसिटेटच्या असतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा, म्हणजे शिरक्याचा, वास आला, तर समजायचं की ती आतून सडू लागली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही फितींची पूड धरून ठेवणारा डिंक हवेतला ओलावा पितो. मग फीत हेडला चिकटते, किंचाळते आणि पूड सोडते. पूड गेली म्हणजे आवाज गेला.

आमच्या दोन स्पूलांपैकी पहिलं नीट वाजलं. त्याची संगणकावर प्रत झाली. दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात किंचाळी काढली. मी ते थांबवून हाताने गुंडाळून ठेवलं. अशी फीत ५० ते ५५ अंश उष्णतेत काही तास संथ शेकली, तर डिंक थोड्या काळापुरता पुन्हा घट्ट होतो आणि तेवढ्या वेळात प्रत काढता येते. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून गच्चीवर ठेवून भागेल, असं मात्र समजू नका. तिथे एकसारखी उष्णता लागते आणि ती मोजून द्यावी लागते. आधी फितीची जातही ओळखावी लागते, कारण ॲसिटेटची फीत शेकली तर संपलीच. हे घरचं काम नव्हे. म्हणून दुसरं स्पूल आता जाणकाराकडे जाणार आहे. कदाचित ते एकदाच वाजेल.

२०२०मध्ये युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून जगाला इशारा दिला. २०२५च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणंच अवघड होऊन बसेल, असं त्यात म्हटलं होतं. फिती मरतील म्हणून नव्हे, तर त्या वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि जाणती माणसं उरणार नाहीत म्हणून. ते साल उजाडलंही. नवी फीत अजून फ्रान्समध्ये बनते. युरोपात एखाद-दुसरी कंपनी नवी यंत्रंही बनवते, पण त्यांच्या किमती आपल्या आवाक्यातल्या नाहीत. म्हणजे आपल्या घरांतली जुनी चालती यंत्रं हीच आपली प्रयोगशाळा.

ज्यांच्या माळ्यावर असा डबा असेल त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी वास घ्या. वरचं लेबल वाचा, आणि घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारून कुणाचा आवाज, कुठला, कोणत्या साली, हे डब्यावर लिहून ठेवा. ते माणूस गेल्यावर हे सांगणारं कुणी राहत नाही. फीत कुणालाही वाजवायला देऊ नका. यंत्र साफ आहे ना ते पाहा. पहिल्याच वाजवण्यात प्रत घ्या, आणि ती एमपीथ्रीत दाबून नव्हे, पूर्ण वेव्ह फाइलमध्ये घ्या. तिच्या दोन नकला दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि मूळ फीत टाकू नका.

राजेरजवाड्यांचे, पुढाऱ्यांचे, मोठ्या गवयांचे आवाज कुठे ना कुठे जपले जातील. पण ज्यांनी आपल्या बोलीत आयुष्यभर गायलं आणि एक अक्षर लिहिलं नाही, त्यांच्यासाठी कुणी संग्रहालय उघडून बसलेलं नाही. त्यांच्यासाठी आहे तो माळ्यावरचा डबा आणि तो उघडणारा घरातला कुणीतरी.