कानाची मशीन फक्त आवाज वाढवते का? श्रवणयंत्राचा मेंदू, मन आणि शरीराला होणारा फायदा

टीव्हीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो, फोनवर आजी "हो हो" म्हणते आणि उत्तर भलतंच देते. बऱ्याच घरांत हे चालू असतं आणि "वय झालं" म्हणून विषय संपतो. पण कमी ऐकू येण्याचा परिणाम कानापुरता राहत नाही. श्रवणयंत्र म्हणजेच कानाची मशीन नेमकं काय करते आणि तिचा तब्येतीशी काय संबंध आहे, ते आज समजून घेऊ.

मी सावनेरचा आहे. आमच्याकडे वेकोलिच्या भूमिगत कोळसा खाणी आहेत, कापसाचे जिनिंग आहेत. वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजात काम केलेली माणसं जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. त्यांची तक्रार ठरलेली असते, "तुम्ही पोरं तोंडातल्या तोंडात बोलून राहिले." ही तक्रार खोटी नाही. त्यामागे विज्ञान आहे.

ऐकू येतं, पण कळत का नाही?

आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. वयामुळे किंवा सततच्या मोठ्या आवाजामुळे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी खराब होतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. स, श, फ, थ ही अक्षरं याच उंच पट्टीत येतात. म्हणून "साठ" म्हटलं की "आठ" ऐकू येतं. आवाज पोहोचतो, पण शब्द अर्धवट पोहोचतो. अशा वेळी ओरडून फायदा होत नाही.

मशीन काम कशी करते?

मशीनमध्ये तीन मुख्य भाग असतात. छोटा माइक आवाज पकडतो, चिप तो तपासून बदलते आणि छोटा स्पीकर तो कानात सोडतो. खरी करामत चिपची. तुम्ही म्युझिक ॲपमध्ये इक्वलायझर वापरता ना, तसंच. ऑडिओलॉजिस्ट आधी ऑडिओग्राम काढतो, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती कमी ऐकू येतो याचा आलेख. मग जिथे कमी आहे, तिथेच चिप आवाज वाढवते.

ऑनलाइन मिळणारी काही शे रुपयांची "साउंड ॲम्प्लिफायर" मशीन सगळेच आवाज सारखे वाढवते. भांडी, पंखा, हॉर्न, सगळं कानावर आदळतं. दोन दिवसांत मशीन ड्रॉवरमध्ये जाते आणि घरात ठरतं की मशीन काही कामाची नसते.

मेंदूला काय फायदा?

अर्धवट शब्द जुळवण्यात मेंदूची ताकद जाते, मग लक्षात ठेवायला कमी उरते. 2024 च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाची जी 14 बदलता येणारी कारणं दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे.

2023 मध्ये अमेरिकेतल्या "अचीव्ह" या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात 70 ते 84 वयाचे 977 लोक तीन वर्षं होते. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मशीनमुळे फार फरक दिसला नाही. पण ज्यांना स्मरणशक्ती कमी होण्याचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. म्हणजे मशीन हे डिमेन्शियाचं औषध नाही, पण धोका जास्त असलेल्यांनी ती टाळू नये.

मनाला आणि शरीराला?

ज्याला बोलणं कळत नाही, तो हळूहळू बोलणंच सोडतो. लग्नात कोपऱ्यात बसतो, चावडीवर जाणं बंद करतो. मग एकटेपणा आणि उदासी येते. याच अभ्यासाच्या पुढच्या निष्कर्षात मशीन घेतलेल्यांच्या संपर्कात सरासरी एक माणूस जास्त टिकून राहिला. आकडा लहान वाटतो, पण म्हातारपणी रोज बोलणारा एक माणूस ही लहान गोष्ट नाही.

शरीराचं बघा. 2012 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात सौम्य बहिरेपण असलेल्यांमध्येही पडण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट दिसलं. हा फक्त संबंध आहे, बहिरेपणामुळेच माणूस पडतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पण मागून येणारी गाडी ऐकू येणं किती गरजेचं आहे, हे नागपूर-बैतूल हायवे ओलांडणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तुमचा फोन इथे कसा कामी येतो?

- जागतिक आरोग्य संघटनेचं मोफत "हिअरडब्ल्यूएचओ" ॲप वापरा. गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात. ही प्राथमिक चाचणी आहे, ऑडिओग्रामला पर्याय नाही.
- अँड्रॉइडवरचं "लाइव्ह ट्रान्सक्राइब" समोरच्याचं बोलणं स्क्रीनवर मराठीत लिहून दाखवतं.
- ब्लूटूथ मशीन असेल तर फोन जोडून द्या, आवाजाची सेटिंग शिकवा.

खर्च आणि योजना

मशीन काही हजारांपासून लाखाच्या वर जाते. आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करा. सावनेरपासून नागपूरचं मेडिकल आणि मेयो जवळ आहे, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहित्य घ्यायला एकदा 3000 रुपये मिळतात. श्रवणयंत्र त्यात आहे. अर्ज सुरू आहेत का, ते समाज कल्याण कार्यालयात विचारा.

मशीन घेतल्यावर

1. पहिले काही आठवडे आवाज विचित्र वाटतो. शांत घरात थोडा वेळ लावून सुरुवात करा, रोज वेळ वाढवा.
2. टोचतं, शिटी वाजते, आवाज कर्कश येतो? मशीन काढून ठेवू नका. ऑडिओलॉजिस्टकडे सेटिंग बदलून घ्या.
3. बटण बॅटरी लहान मुलांपासून लांब ठेवा. गिळली तर जिवाला धोका असतो.
4. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर मशीनचा विचार नंतर करा. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कारण उशीर झाला तर ऐकू येणं परत येण्याची शक्यता कमी होते.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. इअरफोनचा स्लायडर शेवटपर्यंत नेण्याआधी हे आठवा.

चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग मशीनला का लाजायचं? घरातल्या मोठ्यांशी आज बोला, आणि लेख उपयोगी वाटला तर ज्यांच्या घरी टीव्ही जोरात चालतो त्यांना नक्की पाठवा.