पंचवीस अक्षरांच्या किल्लीची कुळकथा

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज किंवा ऑफिस टाकायला बसलं, की एका टप्प्यावर गाडी अडते. पाच-पाच अक्षरांचे पाच गट भरा, असं पडद्यावर येतं. हीच प्रॉडक्ट की. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव या भागातल्या कित्येक घरांत मालकाने हा पडदा कधी पाहिलेलाच नसतो. मशीन काटोलहून किंवा नागपूरहून येतं तेव्हा त्यात ‘सगळं टाकलेलं’ असतं. पुढे ते बिघडतं, तेव्हा ओळखीचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि तासाभरात ‘विंडोज मारून’ देतो. किल्ली कुणाची, ती कुठून आली, हे विचारायची आपल्याकडे पद्धतच पडली नाही. ही किल्ली कशासाठी जन्माला आली हे कळलं, तर ती विकत का घ्यायची हेही कळेल.

एके काळी सॉफ्टवेअरला वेगळी किंमतच नव्हती. आयबीएमसारखी कंपनी खोलीभर यंत्र द्यायची आणि त्यावर चालणारे प्रोग्राम त्याच पैशांत यायचे. जून १९६९ मध्ये आयबीएमने जाहीर केलं, की यापुढे यंत्राचे पैसे वेगळे आणि बऱ्याचशा प्रोग्रामचे वेगळे. प्रोग्राम ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू झाली. पण ही वस्तू विचित्र होती. करायला महिनोन् महिने लागायचे, नक्कल करायला काही मिनिटं.

१९७५ मध्ये अमेरिकेत ऑल्टेअर नावाचा छोटा कॉम्प्युटर हौशी लोकांच्या हाती आला. त्यासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक ही भाषा लिहिली. ती छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळायची. एका प्रदर्शनातून तशी एक पट्टी हौशी मंडळींच्या हाती लागली आणि क्लबच्या बैठकीत तिच्या नकला वाटल्या गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी या मंडळींना उघड पत्र लिहिलं. ऑल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राचे पैसे देता, मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने फुकट का राबायचं, हा त्यांचा सवाल होता. त्या वेळी त्यांच्यापाशी कुलूप नव्हतं, फक्त पत्र होतं.

पहिलं ठोस कुलूप १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये वर्डक्राफ्ट या प्रोग्रामसोबत आलं. कॉम्प्युटरच्या मागे लावायचं ते एक छोटं उपकरण होतं. ते असेल तरच प्रोग्राम चालायचा. महाराष्ट्रात हे कुलूप घरोघरी नाही, पण छापखान्यांतून आणि डीटीपी सेंटरांतून चांगलंच ओळखीचं झालं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्रीलिपी’ हे मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर ज्याने रीतसर घेतलं, त्याला डब्यात सीडीबरोबर काडेपेटीएवढं ‘लॉक’ मिळायचं. प्रिंटरची वायर काढायची, मागच्या पंचवीस पिनांच्या पोर्टवर लॉक बसवायचं आणि त्या लॉकवर पुन्हा वायर लावायची. लॉक हललं तर मराठी बंद. लग्नपत्रिकांच्या सराईत तर ऑपरेटर त्याला दागिन्यासारखं जपायचे. पुढे हेच लॉक यूएसबीत आलं.

तरीही मराठी फॉन्टची चोरी थांबली नाही. त्याचं एक कारण लोभापेक्षा अडचणीचं होतं. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरांची मांडणी वेगळी असे. नरखेडला एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर नागपूरच्या प्रेसमध्ये उघडला आणि तिथे तोच फॉन्ट नसला, तर पडद्यावर निव्वळ चिन्हांची खिचडी दिसे. मग मजकुराच्या फ्लॉपीबरोबर फॉन्टही द्यायची सवय लागली. एकाने विकत घेतलेला फॉन्ट असा गावोगाव पोचला. ही अडचण युनिकोडने संपवली. सगळ्या फॉन्टांत अक्षरांचे क्रमांक एकच झाले आणि एकीकडे लिहिलेलं मराठी दुसरीकडे वाचता येऊ लागलं. पण अडचण गेली तरी सवय राहिली.

चोरांना धडा शिकवण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारीच झाला आणि तो फार महागात पडला. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ हा व्हायरस लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या नकला करणाऱ्यांसाठी तो होता, असं त्यांचं म्हणणं. फ्लॉपीच्या पहिल्याच भागात त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. पण फ्लॉपी हातोहात फिरायच्या आणि व्हायरसला चोर-साव कळत नाही. तो लाहोरहून थेट अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत पोचला.

अशा फिरत्या फ्लॉपींनी आणलेल्या व्हायरसांवर महाराष्ट्रात एक उद्योग उभा राहिला. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९५ च्या सुमारास क्विक हील हे अँटिव्हायरस बाजारात आणलं. गावोगावच्या छोट्या कॉम्प्युटर दुकानदारांमार्फत ते लोकांपर्यंत गेलं. पुण्यात लिहिलेलं सॉफ्टवेअर लोकांनी पैसे मोजून घेतलं, म्हणून ती कंपनी वाढली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरली. आपला माणूस पैसे देत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

त्याच १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि किल्ली सर्वसामान्यांच्या घरात शिरली. सीडीच्या वेष्टनावर दहा अंक छापलेले असत, आधी तीन, मग सात. त्यातल्या शेवटच्या सात अंकांची बेरीज सातने भागली गेली, की कॉम्प्युटर किल्ली खरी मानायचा. २, ५, ४, १, ३, ६, ७ यांची बेरीज २८, म्हणजे चालली! पाचवीतलं पोरही असं कुलूप उघडू शकलं असतं. विंडोज ९८ पासून पंचवीस अक्षरांची किल्ली आली. पुढे ती मोठ्या विचाराने घडवली गेली. ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच यांत वाचणाऱ्याची गफलत होऊ नये, म्हणून अशी अक्षरं आणि अंक गाळून फक्त चोवीस चिन्हं ठेवली.

२००१ मध्ये विंडोज एक्सपीने पुढची कडी जोडली. नुसती किल्ली भरून भागेना. ती कोणत्या मशीनवर लावली, हे इंटरनेटवरून किंवा लांबलचक आकडा फोनवर वाचून कंपनीला कळवावं लागे. तरीही एका मोठ्या ग्राहकासाठीची एक किल्ली एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली आणि जगभर फिरली. त्याच वर्षी महाराष्ट्रात एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि कॉम्प्युटर तालुक्या-तालुक्यांत पोचला. शिकलेली मुलं घरच्या मशीनवरही तेच वर्ड, तेच एक्सेल मागू लागली. मशीनला पैसे जमले, सॉफ्टवेअरला जमले नाहीत, आणि ‘सगळं टाकून देतो’ ही दुकानातली भाषा रुळली.

कायदा मात्र तेव्हा झोपलेला नव्हता. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रामला कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळालं. मे १९९५ पासून लागू झालेल्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर खास कारणं नोंदवून कैद टाळण्याची मुभा न्यायालयाला आहे. आपल्या विकतच्या सीडीची एक प्रत जपून ठेवायला हाच कायदा परवानगी देतो.

पण नरखेडच्या घरातला खरा धोका कोर्टाचा नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘क्रॅक’बरोबर, म्हणजे कुलूप फोडणाऱ्या प्रोग्रामबरोबर, एक छोटी फाइल येते. तिच्यात बहुतेक वेळा पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे पाहुणा आत येण्याआधी राखणदाराला बाहेर काढायला सांगतो. ‘स्टॉप’ या खंडणीखोर व्हायरसच्या कुळाने २०१८ पासून अशाच क्रॅकमधून घरगुती कॉम्प्युटरांत शिरून फोटो आणि कागदपत्रं कुलूपबंद केली. आज त्याच मशीनवर सातबारा, पीक विम्याची पावती, आधार आणि बँकेचा पासवर्ड असतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चोरबीटीच्या, म्हणजे बिनपरवाना कापूस बियाण्याच्या पाकिटाला बिल नसतं, म्हणून उगवलं नाही तर तक्रारही करता येत नाही. बिनबिलाच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे.

म्हणून घरी सॉफ्टवेअर टाकताना काही गोष्टी पाळाव्यात. नवा लॅपटॉप घेताना त्यात विंडोज आहे की नाही, हे बिलावर लिहून घ्या. २०१२ नंतरच्या, विंडोजसह विकलेल्या बऱ्याच मशीनमध्ये किल्ली मदरबोर्डमध्येच असते. अशा मशीनवर पुन्हा विंडोज टाकलं तर चोरीची किल्ली लागतच नाही. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून पाहा. मशीनबरोबर आलेला परवाना सहसा त्याच मशीनपुरता असतो. वेगळा डबा विकत घेऊन मिळालेला परवाना जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्या अनेकदा कुठल्यातरी संस्थेच्या फुटलेल्या असतात आणि पुढे बंद पडतात.

पैसे नसतील तरी चोरी हा एकच मार्ग उरत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. तिथे नक्कल करून शेजाऱ्याला देणं हा हक्क आहे. लिब्रेऑफिसमध्ये अर्ज, हिशोब, सादरीकरण सगळं होतं. सीडॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली मोफत आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे देखणे देवनागरी फॉन्ट कुणीही उतरवून लग्नपत्रिकेत वापरू शकतो.

पन्नास वर्षांत कुलपं बदलली आणि त्यातलं जवळपास प्रत्येक कुणीतरी फोडलं. सॉफ्टवेअर लिहिणारे टिकले ते कुलपामुळे नाही, पैसे देणाऱ्यांमुळे टिकले. तालुक्यातली आपली मुलंही आता कोडिंग शिकतायत. उद्या त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचा मोबदला त्यांना मिळायला हवा. तेव्हा पुढच्या वेळी कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं, तर त्याला आधी विचारा, याचं बिल आहे का? नसेल तर लिब्रेऑफिस टाकून मागा.