कार्ड पाड्यावर, बाई भट्टीवर

१९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा राज्याचं लक्ष इकडे गेलं. १९९५मध्ये नवसंजीवन योजना आली: पावसाळ्याआधी धान्य, औषधं, डॉक्टरांची फिरती पथकं. २०१५मध्ये अमृत आहार आला. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत रोज एक वेळ गरम, चौरस जेवण.

या सगळ्यांनी एक गोष्ट धरून चालली होती. बाई गावातच असणार.

पण जव्हार-मोखाड्यातली शेती पावसावरची. दिवाळी सरली की पाडे रिकामे होतात. उचल घेतलेली जोडपी भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. शिमग्याला चार दिवस घरी, मग पाऊस लागेपर्यंत पुन्हा भट्टी. आता महिने मोजा. नोव्हेंबरात तिसरा महिना असेल, तर पुढचं जवळजवळ सगळं गरोदरपण विटांमध्येच. धनुर्वाताची लस, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या यांची नोंद गावच्या नर्सताईकडे. भट्टीशेजारच्या गावातल्या बाईचं नाव तिथल्या आशाताईच्या वहीत असतं. हिचं असेलच असं नाही.

गंमत बघा, २०१४पर्यंत जव्हार आणि भिवंडी एकाच ठाणे जिल्ह्यात होते. परकी ठरायला जिल्हाही ओलांडावा लागत नव्हता.

२०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. कुणीही जावं. पण मजुरी जोडीची, हजार विटांमागे. ती उठून गेली की नवऱ्याचाही हात थांबतो, आणि उचल तशीच राहते.